युद्धातल्या मृत्यूवरची कविता उलगडायची कशी? ओवेनच्या चौदा ओळी, टप्प्याटप्प्याने

युद्धातल्या मृत्यूवरच्या कवितेचं रसग्रहण लिहायला सांगितलं की बहुतेक उत्तरं एकाच साच्यातून येतात. पहिला परिच्छेद कवीच्या चरित्राचा, दुसरा महायुद्धाचा, तिसऱ्यात अलंकारांची यादी आणि शेवटी ‘अशा प्रकारे कवीने युद्धाची भीषणता प्रभावीपणे मांडली आहे’. हे शेवटचं वाक्य युद्धावरच्या कुठल्याही कवितेखाली चालून जातं, म्हणूनच ते समोरच्या कवितेबद्दल काही सांगत नाही. चूक अभ्यासाच्या कमतरतेची नसते, क्रमाची असते. जे शेवटी यायला हवं ते आधी येतं आणि कवितेच्या ओळींपर्यंत पोहोचेस्तोवर पानं संपतात.

इथे एकच कविता घेऊन सगळा क्रम करून दाखवतो: पहिल्या महायुद्धात लढलेला इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन याची ‘अँथम फॉर डूम्ड यूथ’. कविता चौदाच ओळींची आहे. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना ती कधी ना कधी भेटतेच, आणि तिच्यात रचना व अर्थ इतके एकमेकांत गुंतलेले आहेत की एक सोडून दुसऱ्याबद्दल लिहिताच येत नाही.

तयारी: पेन उचलण्याआधी

मूळ इंग्रजी कविता हाताने उतरवून घ्या. दोन ओळींमध्ये भरपूर जागा सोडा, उजवीकडे मोठा समास ठेवा आणि ओळींना १ ते १४ आकडे द्या. उतरवताना प्रत्येक स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्ह जसंच्या तसं घ्या. या कवितेत दोनच प्रश्नचिन्हं आहेत, आणि ती कुठे आहेत यावर पुढचं बरंच काही उभं आहे.

शक्यतो चांगल्या संपादित आवृत्तीतला पाठ वापरा. ही कविता कवीच्या मृत्यूनंतर छापली गेली आणि पाचव्या ओळीसारख्या काही ठिकाणी वेगवेगळे पाठ प्रचारात आहेत. तुमच्या क्रमिक पुस्तकातला पाठ आणि मोबाइलवर सापडलेला पाठ एकत्र करून लिहू नका.

इशारा: मराठी अनुवाद समोर ठेवून रसग्रहण करू नका. आशय समजून घ्यायला अनुवाद जरूर वाचा, पण यमक, आघात आणि नाद यांबद्दल तुम्ही जे लिहाल ते मूळ ओळींचंच असलं पाहिजे.

टप्पा १: मोठ्याने वाचा, अर्थ लावू नका

सलग दोन-तीनदा, आवाज काढून वाचा. या वेळी फक्त एकच गोष्ट टिपायची: जीभ कुठे धावते आणि कुठे मंदावते. तिसरी ओळ वाचून पाहा: ‘ओन्ली द स्टटरिंग रायफल्स रॅपिड रॅटल’. ट आणि र यांच्या ठोक्यांमुळे ती आपोआप वेग घेते. आता शेवटची ओळ वाचा: ‘अँड ईच स्लो डस्क अ ड्रॉइंग-डाउन ऑव्ह ब्लाइंड्स’. ती पळवायचा प्रयत्न केला तरी पळत नाही. ‘ईच’, ‘स्लो’, ‘डस्क’ हे तिन्ही शब्द वजनदार आहेत आणि प्रत्येकावर थांबावंच लागतं.

समासात तिसऱ्या ओळीसमोर ‘वेग’ आणि चौदाव्यासमोर ‘संथ’ एवढंच लिहा. कारण नंतर शोधायचं आहे.

टप्पा २: शब्द आणि विधी

या कवितेतले अडणारे शब्द जवळजवळ सगळे ख्रिस्ती अंत्यविधीतले आहेत, आणि नुसत्या शब्दकोशातल्या अर्थावर भागत नाही. विधी कळला पाहिजे.

‘पासिंग-बेल’ म्हणजे गावातलं कुणी गेलं किंवा जाण्याच्या बेतात असलं की चर्चमध्ये संथपणे वाजवली जाणारी घंटा. ‘ओरिझन्स’ हा प्रार्थनेसाठी जुन्या वळणाचा शब्द. ‘क्वायर’ म्हणजे चर्चमधलं गायकवृंद. ‘पॉल’ म्हणजे शवपेटीवर अंथरलेलं वस्त्र. विधीच्या वेळी मेणबत्त्या धरून उभी राहणारी मुलं असतात, ती दहाव्या ओळीत येतात. ‘शायर्स’ म्हणजे इंग्लंडमधले परगणे. ब्रिटिश सैन्यातल्या कितीतरी पलटणींची नावंच या परगण्यांवरून होती, त्यामुळे या शब्दात घर आणि पलटण दोन्ही आहेत. आणि ‘ब्लाइंड्स’: घरात मृत्यू झाला की खिडक्यांचे पडदे खाली ओढून घेण्याची तिथे रीत होती.

शीर्षकातला ‘अँथम’ही इथेच सोडवून घ्या. तो चर्चमध्ये वृंदाने गायचं स्तोत्र आहे आणि राष्ट्रगीतासाठीही तोच शब्द वापरतात. ज्या दोन संस्थांनी या तरुणांना निरोप द्यायचा, त्या दोन्ही शीर्षकातच हजर आहेत.

इशारा: हे विधी आपल्या घरच्या विधींनी बदलू नका. दहावा-तेरावा मनात आला तर तो समजून घेण्यापुरता ठेवा, उत्तरात आणू नका. कवितेतली प्रत्येक प्रतिमा त्या विशिष्ट विधीशी जोडलेली आहे. घंटा बदलली की पुढचं यमकही निरर्थक होतं.

टप्पा ३: सरळ गद्यात अर्थ लिहा

आता ओळीनुसार साधा अर्थ लिहायचा. त्यात सुंदर भाषा नको. साधारण असा:

गुरांसारखे मरणाऱ्या या पोरांसाठी कुठली मृत्युघंटा? फक्त तोफांचा राक्षसी संताप. अडखळत बोलणाऱ्या रायफलींचा खडखडाटच त्यांच्या घाईच्या प्रार्थना पुटपुटून टाकेल. आता त्यांची थट्टा नको. प्रार्थना नकोत, घंटा नकोत. शोकाचा कुठलाही स्वर नाही, आहे तो गायकवृंद, म्हणजे किंचाळत, वेड लागल्यासारखे आक्रोश करत येणारे तोफगोळे. आणि दुःखी परगण्यांमधून त्यांना हाका मारणारी बिगुलं.

त्यांना निरोप द्यायला कुठल्या मेणबत्त्या धरायच्या? मुलांच्या हातात नव्हे, त्यांच्या डोळ्यांत निरोपाचा पवित्र प्रकाश लुकलुकेल. मुलींच्या कपाळावरचा फिकटपणा हेच त्यांच्यावरचं वस्त्र. सोशिक मनांची माया हीच त्यांची फुलं. आणि प्रत्येक संथ सांज म्हणजे खाली ओढलेले पडदे.

तपासा: तुमच्या गद्यात ‘वीर’, ‘हुतात्मा’, ‘बलिदान’, ‘वीरमरण’ यांपैकी एखादा शब्द शिरला आहे का? शिरला असेल तर खोडा. मराठीत युद्धातल्या मृत्यूबद्दल लिहायला बसलं की हे शब्द आपोआप लेखणीत येतात. कवितेत मात्र पहिल्याच ओळीत ‘कॅटल’ आहे, म्हणजे कत्तलखान्याकडे हाकललेली जनावरं. तुम्ही ‘वीरमरण’ लिहिलंत की कवीने नाकारलेली गोष्ट तुम्ही त्याच्याच तोंडी घातलीत. माझ्या मते या कवितेवरच्या मराठी उत्तरांमधली ही सर्वांत मोठी चूक आहे, कारण चांगला अभ्यास केलेली मुलंही ती करतात.

टप्पा ४: रचना

इथे घाई करू नका. बहुतेक उत्तरांत या टप्प्यावर ‘ही कविता सुनीत (चौदा ओळींचं सॉनेट) आहे’ एवढं एक वाक्य येतं आणि विषय संपतो. सुनीत आहे हे खरंच, पण कोणतं, आणि का?

पहिलं काम यमकांचं. प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द समासात लिहा आणि जुळणाऱ्यांना एकच अक्षर द्या. कॅटल-रॅटल, गन्स-ओरिझन्स: अबअब. बेल्स-शेल्स, क्वायर्स-शायर्स: कडकड. पुढे ऑल, आइज, गुडबाइज, पॉल: तथथत. शेवटी माइंड्स-ब्लाइंड्स: पप.

इटालियन पद्धतीच्या सुनीतात आठ आणि सहा ओळींचे दोन भाग असतात आणि नवव्या ओळीला विचार वळण घेतो. शेक्सपिअरच्या पद्धतीत चार-चार ओळींचे तीन गट आणि शेवटी दोन ओळींचं जोडयमक. ओवेनने दोन्ही एकत्र केल्या आहेत. वळण इटालियन पद्धतीने नवव्या ओळीला आहे. पहिल्या आठ ओळींचं यमक आणि शेवटची जोडओळ शेक्सपिअरच्या पद्धतीची आहे. आणि ९ ते १२ या ओळींमध्ये बाहेरच्या दोन ओळींनी आतल्या दोन कवेत घेतल्या आहेत.

याचा अर्थाशी संबंध काय, हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. पहिल्या आठ ओळींत एकाआड एक यमक पुढे ढकलत राहतं आणि आवाजही एकामागून एक येत राहतात: तोफा, रायफली, गोळे, बिगुलं. नवव्या ओळीनंतर यमक मिटून घेणारं होतं आणि कविताही माणसांच्या चेहऱ्याजवळ जाऊन शांत होते. मिठीसारख्या या चार ओळींत मुलांचे डोळे आणि मुलींची कपाळं आली आहेत, हे लक्षात ठेवा.

यमकाच्या जोड्या अर्थानेही तपासा. ‘बेल्स’ची जोडी ‘शेल्स’शी आहे: चर्चच्या घंटेच्या जागी तोफगोळा. ‘क्वायर्स’ची ‘शायर्स’शी: एक रणांगणावरचा भेसूर आवाज, दुसरं घर. ‘गन्स’ आणि ‘ओरिझन्स’ ही जोडी तर नीट जुळतही नाही. ‘गन्स’वर पूर्ण जोर आहे, ‘ओरिझन्स’चं शेवटचं अक्षर दबून जातं. तोफ आणि प्रार्थना यांचं यमक अर्धवट लागतं, आणि ते तसंच राहायला हवं होतं.

आता लय. इथे मराठी वाचक हमखास चुकतो, कारण आपण लघु-गुरू आणि मात्रा मोजत वाढलो आहोत. इंग्रजी छंदात स्वराची लांबी मोजत नाहीत, आघात मोजतात. साधारण ओळ दहा अक्षरांची, हलकं-जोरकस अशा पाच जोड्यांची. नववी ओळ नमुन्यासारखी आहे: ‘व्हॉट कँडल्स मे बी हेल्ड टू स्पीड देम ऑल’. ती टेबलावर बोटाने ठोका देत म्हणा. दर दुसऱ्या अक्षरावर ठोका पडतो. (इथे अक्षर म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा. ‘हेल्ड’ हे एकच.)

हा नमुना कानात बसला की तो कुठे मोडतो ते शोधा. मोडलेली जागा हीच लिहिण्याची जागा. दुसरी आणि तिसरी ओळ ‘ओन्ली’ने सुरू होते, म्हणजे ठोका पहिल्याच अक्षरावर पडतो. प्रश्न विचारल्याबरोबर उत्तर अंगावर आदळतं. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीच्या शेवटी एक हलकं अक्षर जास्तीचं उरतं, कॅटल आणि रॅटल, त्यामुळे या ओळी ठामपणे संपत नाहीत. आठव्या ओळीच्या शेवटी ‘सॅड शायर्स’ हे दोन वजनदार शब्द लागोपाठ येतात आणि आठ ओळींचा सगळा गोंगाट तिथे थांबतो.

तपासा: रचनेबद्दल लिहिलेल्या प्रत्येक वाक्याला ‘मग काय?’ विचारा. उत्तर देता आलं नाही तर ते वाक्य अजून अर्धंच आहे.

टप्पा ५: दोन रकाने आखा

कागदाच्या डाव्या रकान्यात नेहमीचा विधी, उजवीकडे त्याच्या जागी आलेली गोष्ट. घंटेच्या जागी तोफा. प्रार्थनेच्या जागी रायफली. गायकवृंदाच्या जागी गोळे. इथे एक रेघ मारा. मेणबत्तीच्या जागी डोळ्यांतला प्रकाश. वस्त्राच्या जागी मुलींचा फिकटपणा. फुलांच्या जागी माया. घरातल्या पडद्याच्या जागी सांज.

रेघेच्या वर सगळ्या गोष्टी कानाने कळणाऱ्या आहेत, खाली डोळ्याने. वर सगळी शस्त्रं आहेत, खाली माणसं. वर नकारांची रांग आहे: ओन्ली, ओन्ली, नो, नो, नॉर. खाली ‘शॅल’ येतं, म्हणजे घडेल, होईल. वरचा बदल विटंबनेचा आहे, खालचा मायेचा. हे दोन्ही बदल एकाच कलमाने झाले आहेत, आणि माझ्या दृष्टीने कवितेचा जीव तिथेच आहे.

बिगुलं मुद्दाम यादीबाहेर ठेवली. सैनिकी अंत्यविधीत बिगुल खरोखरच वाजतं, त्यामुळे ते कशाच्या जागी आलेलं नाही. आठव्या ओळीत ते रणांगणावर वाजत नाही, गावाकडून हाक मारतं. फ्रान्समधून इंग्लंडकडे कविता याच ओळीवरून जाते. वळण नवव्या ओळीला असलं तरी पाऊल आठव्यातच उचललेलं आहे.

अलंकारांची नावं आता घाला, आधी नाही. रायफलींचं अडखळणं, तोफांचा संताप, गोळ्यांचा आक्रोश ही चेतनगुणोक्ती आहे. पण नुसतं नाव घेऊन थांबू नका. पहिल्या आठ ओळींत माणसं जनावरं झाली आहेत आणि शस्त्रांना राग, वाणी, वेड अशा माणसांच्या गोष्टी मिळाल्या आहेत. अदलाबदल झाली आहे. हे वाक्य लिहिता आलं की अलंकार ओळखल्याचा उपयोग झाला.

टप्पा ६: दोन अर्थ लागतात तिथे थांबा

तीन जागा आहेत.

पाचव्या ओळीतला ‘मॉकरीज’. विधी मिळत नाही याचं दुःख आहे, की अशा मरणानंतर प्रार्थना आणि घंटा म्हणजेच थट्टा आहे? पहिलं वाचन धर्माकडे पाठ फिरवत नाही, दुसरं फिरवतं. ओळीची बांधणी दुसऱ्याकडे झुकते, कारण थट्टा, प्रार्थना आणि घंटा एकाच दमात नाकारल्या आहेत. पण पुढे डोळ्यांतल्या प्रकाशाला ‘होली’ म्हटलं आहे, म्हणजे पावित्र्य संपलेलं नाही, त्याची जागा बदलली आहे.

दहाव्या ओळीतली मुलं. मेणबत्त्या धरणारी चर्चमधली मुलं, मागे राहिलेले धाकटे भाऊ, की खुद्द मरणारे सैनिक? व्याकरण तिन्ही अर्थ चालवून घेतं. एकच निवडायचा असेल तर कारण द्या. मी स्वतः निवडत नाही. ज्या वयाची पोरं मेणबत्त्या धरतात, जवळपास त्याच वयाची पोरं खंदकात होती, आणि ही संदिग्धता ते न बोलता सांगते.

शेवटची ओळ. सांजवेळी पडदे ओढणं हे रोजचं काम, आणि मृत्यूच्या घरीही पडदेच ओढतात. ‘ईच’ या शब्दामुळे दोन्ही एक होतात. शोक एका दिवसाचा न राहता रोज संध्याकाळी परत येतो. हे सांत्वन आहे का? काही वाचकांना शेवटच्या सहा ओळी फार मृदू वाटतात, आधीचा राग विझवणाऱ्या वाटतात. हा आक्षेप उत्तरात जरूर नोंदवा. मला तो पटत नाही. नवव्या ओळीनंतरही मेलेल्यांना काहीच परत मिळत नाही. जे आहे ते मागे राहिलेल्यांच्या चेहऱ्यावर आहे.

इशारा: ‘कवीला नेमकं काय म्हणायचं आहे ते सांगता येत नाही’ असं लिहून सुटका करून घेऊ नका. दोन अर्थ असतील तर दोन्ही लिहा आणि कोणत्या शब्दामुळे कोणता निघतो ते दाखवा.

टप्पा ७: चरित्र, आणि तेही मोजून

आता कवी. ओवेनने ही कविता १९१७ च्या शरदात एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात लिहिली. युद्धाच्या मानसिक धक्क्याने खचलेल्या अधिकाऱ्यांवर तिथे उपचार होत. तिथेच त्याची कवी सिगफ्रीड ससूनशी ओळख झाली आणि ससूनने या कवितेच्या मसुद्यांवर सूचना केल्या. ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धविरामाच्या आठवडाभर आधी, सांब्र-ओआझ कालव्यापाशी ओवेन मारला गेला. तो २५ वर्षांचा होता.

यातलं कवितेला उपयोगी काय? एक गोष्ट नक्की. शीर्षकात आधी ‘डेड’ होतं, ते ससूनच्या सूचनेवरून ‘डूम्ड’ झालं. मेलेले नव्हे, मरण ठरून गेलेले. पहिल्या ओळीत क्रियापद वर्तमानकाळात आहे, ‘डाय’, आणि नव्या शीर्षकाशी ते जुळतं: ही पोरं अजून मरत आहेत. चरित्रातला एवढा तपशील ओळीला टेकतो म्हणून तो घ्यायचा.

ओवेनच्या मृत्यूची तारीख मात्र अर्थ लावायला वापरू नका. कविता त्याच्या आधी वर्षभर लिहिली गेली. ‘कवीला स्वतःच्या मृत्यूची चाहूल लागली होती’ या वाक्याला कवितेत आधार नाही. तसंच ‘युद्धातली करुणा’ हे त्याच्या नियोजित संग्रहाच्या प्रस्तावनेतलं वचन. ते नंतरचं आहे आणि जवळजवळ प्रत्येक उत्तरात येतं; ओळी न वाचताही ते लिहिता येतं, हे परीक्षकाला ठाऊक असतं.

टप्पा ८: लिहिणं

सुरुवात कवितेबद्दलच्या एका ठाम विधानाने करा. उदाहरणार्थ: ‘या सुनीतात चर्चचे अंत्यविधी दोन प्रकारे बदलले जातात, आधी शस्त्रांनी आणि मग माणसांनी.’ त्यानंतर पहिल्या आठ ओळी, मग वळण, मग सहा ओळी, मग संदिग्ध जागांपैकी एक. चरित्र दोन-तीन वाक्यांत, जिथे लागेल तिथे. महायुद्धाचा वेगळा परिच्छेद नको.

प्रत्येक मुद्द्यात तीन गोष्टी हव्यात: काय दिसलं, कितव्या ओळीत, आणि त्याने काय साधलं. एक जोडी पाहा.

कच्चं वाक्य: ‘कवीने अनुप्रासाचा सुंदर वापर केला आहे.’

तेच दुरुस्त करून: ‘तिसऱ्या ओळीत र आणि ट यांच्या पुनरावृत्तीने रायफलीचा ठोका ऐकू येतो, आणि प्रार्थना पुटपुटण्याचं काम चौथ्या ओळीत त्याच आवाजाकडे सोपवलं जातं, त्यामुळे प्रार्थना आणि गोळीबार वेगळे काढता येत नाहीत.’

‘सुंदर’, ‘प्रभावी’, ‘हृदयस्पर्शी’ ही विशेषणं लिहून झाल्यावर शोधून काढून टाका. करुण रस आहे असं लिहायचं असेल तर आठव्या ओळीपर्यंत तो कुठे आहे हे दाखवावं लागेल. तिथे रौद्र आणि बीभत्स जास्त आहेत, आणि ही चर्चा करायची तयारी असेल तरच रसाचं नाव घ्या.

शेवटची तपासणी: तुमच्या उत्तरातून कवीचं नाव आणि कवितेचं शीर्षक झाका आणि एखाद्या मित्राला वाचायला द्या. हे उत्तर कुठल्या चौदा ओळींबद्दल आहे ते त्याला ओळखता आलं पाहिजे. आलं नाही, तर टप्पा ४ आणि ५ ची टिपणं परत समोर घ्या आणि ओळींचे आकडे घालत उत्तर पुन्हा लिहा.